लाइमलाइट: प्रकाशझोतामागचा चुना

#थ्रेड

१/
एखादा खेळाडू, नट किंवा पुढारी एकाएकी सर्वांच्या चर्चेचा विषय झाला की मराठीत तो ‘प्रकाशझोतात आला’ असे म्हणतात; इंग्रजीत तो ‘लाइमलाइट’मध्ये येतो. या इंग्रजी शब्दातला ‘लाइम’ म्हणजे चुना. भिंतींना द्यायचा आणि पानाला लावायचा चुना ज्या कुळातला, त्याच कुळातला. एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ हा चुना माणसाने निर्माण केलेल्या सर्वांत प्रखर प्रकाशांपैकी एकाचा गाभा होता. त्याने डोंगरांमधली अंतरे मोजायला मदत केली, पाण्याच्या थेंबातले जीव भिंतीएवढे करून दाखवले आणि सूर्यात कोणती द्रव्ये आहेत या प्रश्नाच्या उत्तरालाही हातभार लावला. ही त्या दिव्याची हकिगत आहे, आणि त्या दिव्याशेजारी अंधारात उभ्या राहणाऱ्या माणसाचीही.

२/
प्रथम चुन्याचा गुण पाहू. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना हाती येतो. रसायनशास्त्रात त्याला कॅल्शियम ऑक्साइड म्हणतात. लोखंड १,५३८ अंश सेल्सियसला वितळते. कळीचा चुना मात्र सुमारे २,६०० अंशांपर्यंत टिकाव धरतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जळतात तेव्हा होणारी ज्योत भयंकर उष्ण असते, पण ती इतकी फिकट असते की भर उजेडात धड दिसतही नाही. त्या ज्योतीच्या टोकापुढे चुन्याचा तुकडा धरला की ज्योत लागलेला ठिपका पांढराशुभ्र तेजाळतो. चुना जळत नाही, वितळत नाही. तापतो आणि उजळतो. लाइमलाइटचे सारे रहस्य एवढेच.

३/
ही ज्योत काबूत आणण्याचे श्रेय फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअर यांचे. १८०१ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची फुंकनळी तयार केली. पुढे १८२० च्या दशकात लंडनमध्ये गोल्ड्सवर्दी गर्नी या कॉर्नवॉलच्या डॉक्टरांनी सरे इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांच्या काळात अशा ज्योतीवर बरेच काम केले आणि तिच्यात चुना धरल्यावर पडणारा लखलखीत उजेड लोकांपुढे आणला. तोवर ती व्याख्यानातली एक नवलाई होती. तिचा उपयोग काय, हे सांगणारा माणूस अजून यायचा होता.

४/
तो माणूस म्हणजे थॉमस ड्रमंड. जन्म एडिंबरोचा, १७९७ सालचा. पेशाने ब्रिटिश लष्करातला अभियंता. लंडनमध्ये असताना रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना तो हजेरी लावत असे. चुन्याच्या या तेजाविषयी त्याला कळले तेव्हा त्याच्यापुढे एक अगदी व्यावहारिक अडचण उभी होती. १८२४ मध्ये आयर्लंडच्या मोजणीचे प्रचंड काम सुरू होत होते आणि कर्नल थॉमस कोल्बी यांच्या हाताखाली ड्रमंडची त्या कामावर नेमणूक झालेली होती.

५/
मोजणीची रीत त्रिकोणांची होती. तीन डोंगरमाथे निवडायचे, एका माथ्यावरून दुसऱ्या दोहोंकडे दुर्बीण रोखून कोन मोजायचा आणि एक बाजू ठाऊक असली की बाकीच्या गणिताने काढायच्या. त्रिकोण जितके मोठे तितकी त्यांची संख्या कमी आणि चुका साठत जाण्याची भीतीही कमी. पण आयर्लंडचे हवामान असे की शंभर किलोमीटरवरचा डोंगर आठवडेच्या आठवडे धुक्यातून डोके वर काढत नसे. अशा वेळी समोरच्या माथ्यावर धुरकट हवेला भेदून जाईल असा एखादा तेजस्वी बिंदू हवा होता. दिवसासाठी ड्रमंडने आरशाने सूर्यकिरण परावर्तित करणारे उपकरण सुधारून घेतले. रात्रीसाठी त्याने चुना निवडला.

६/
त्याच्या दिव्याची रचना नंतरच्या दिव्यांहून थोडी निराळी होती. डोंगरावर हायड्रोजन नेण्याऐवजी त्याने मद्यार्काची ज्योत घेतली, तिच्यात ऑक्सिजनचा झोत सोडला आणि ती चुन्याच्या लहानशा गोळीवर रोखली. ही गोळी अन्वस्त आकाराच्या आरशाच्या नाभीवर बसवलेली असे, त्यामुळे किरण एका दिशेने समांतर बाहेर पडत. नोव्हेंबर १८२५ मध्ये डोनेगलमधल्या ६१५ मीटर उंचीच्या स्लीव्ह स्नॅक्ट या डोंगरावर वादळवाऱ्यात तळ ठोकून त्याने हा दिवा लावला. तिथून सुमारे १०६ किलोमीटर दूर, बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावर वाट पाहत थांबलेल्या मोजणीदारांना तो दिसला. तेव्हापासून या प्रकाशाला ‘ड्रमंड लाइट’ असे नाव पडले, जरी चुन्याचे तेज प्रथम पाहणारा ड्रमंड नव्हता आणि तसा त्याचा दावाही नव्हता.

७/
हाच दिवा दीपगृहांत बसवावा असेही त्याच्या मनात होते. १८३० मध्ये थेम्सकाठच्या पर्फ्लीट येथून चाचण्या झाल्या आणि कित्येक किलोमीटरवरच्या ब्लॅकवॉल येथून पाहणारे थक्क झाले. तरीही दीपगृहांनी तो स्वीकारला नाही. कारण तेजाचे नव्हते, निगराणीचे होते. दोन वायू रोज तयार करायचे, चुना सतत बदलायचा, ज्योत सतत जपायची. खडकावरच्या एकाकी दीपगृहात हे सारे रात्रभर कोण करणार? ड्रमंड पुढे आयर्लंडच्या प्रशासनात वरिष्ठ पदावर गेला आणि १८४० मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, डब्लिनमध्ये वारला. त्याच्या दिव्याची पहिली अट मात्र तेव्हाच स्पष्ट झाली होती: हा प्रकाश माणसाला क्षणभरही दूर जाऊ देत नाही.

८/
आता विज्ञानाच्या सभागृहाकडे वळू. पडद्यावर मोठे आणि रेखीव चित्र पाडायचे तर प्रकाश नुसता भरपूर असून भागत नाही. तो लहानशा जागेतून यावा लागतो. तेलाच्या दिव्याची ज्योत रुंद आणि हलती असते, त्यामुळे भिंगांतून येणारी प्रतिमा अंधूक पडते. सूर्य उत्तम, आरशाने ऊन खोलीत घेऊन चालणारे ‘सौर सूक्ष्मदर्शक’ अठराव्या शतकापासून वापरात होते. पण लंडनच्या हिवाळ्यात सूर्यावर विसंबून संध्याकाळच्या व्याख्यानाची वेळ कोण जाहीर करील? चुन्यावरचा तो करंगळीच्या नखाहूनही लहान ठिपका म्हणजे हवा तेव्हा उगवणारा सूर्य ठरला.

९/
१८३० च्या दशकात लंडनमध्ये ‘हायड्रो-ऑक्सिजन सूक्ष्मदर्शका’चे जाहीर प्रयोग सुरू झाले. पिसू, माशीचे पंख, साचलेल्या पाण्याचा एक थेंब अशा गोष्टी पडद्यावर काही फुटांच्या होऊन अवतरू लागल्या. त्या थेंबात वळवळणारे जीव पाहून प्रेक्षक शहारत. यात एक अडचणही होती: इतका प्रखर उजेड एकवटला की त्याबरोबर उष्णताही एकवटे आणि काचेवरचे जिवंत नमुने होरपळून जात. म्हणून दिवा आणि नमुना यांच्यामध्ये तुरटीच्या पाण्याने भरलेली काचेची चपटी कुपी ठेवण्याची युक्ती रूढ झाली. उजेड पलीकडे जाई, उष्णतेचा बराच भाग पाण्यातच अडे.

१०/
या बदलाचे महत्त्व केवळ करमणुकीचे नव्हते. तोवर सूक्ष्मदर्शकाला एका वेळी एकच डोळा लावता येई. पाहणाऱ्याने काय पाहिले, ते बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर मानायचे. चुन्याच्या दिव्याने तीच वस्तू एकाच क्षणी शेकडो लोकांपुढे ठेवली. शिकवणारा बोट दाखवून म्हणू शकत होता की हे पाहा, आणि कोणीही उठून विचारू शकत होते की ते डावीकडचे काय आहे. विज्ञानाचा पुरावा सामायिक झाला. आजच्या वर्गातल्या प्रोजेक्टरकडे पाहताना ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

११/
१८३८ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन उघडली आणि चुन्याच्या दिव्याला हक्काचे घर मिळाले. तिथे मोठ्या कंदिलांतून काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर पडत आणि एकातून दुसरे अलगद विरघळत जाई. अशा कंदिलांच्या खेळांची लाट जगभर पसरली. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या खेळांना जे नाव दिले ते ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर. कंदिलाच्या मायेला याहून शोभेसे नाव क्वचितच सापडेल.

१२/
पॉलिटेक्निकमधला सर्वांत गाजलेला प्रयोग १८६२ च्या नाताळातला. हेन्री डर्क्स यांच्या मूळ कल्पनेला जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर उतरवले आणि तो ‘पेपरचे भूत’ म्हणून प्रसिद्ध झाला. रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांना न दिसणारी मोठी तिरपी काच उभी केलेली असे. मंचाखालच्या खड्ड्यात, काळ्या पडद्यांच्या मध्ये, एक नट उभा राही आणि त्याच्यावर चुन्याचा दिवा रोखलेला असे. त्या नटाचे काचेतले प्रतिबिंब प्रेक्षकांना मंचावरच्या पात्रांमध्ये तरंगताना दिसे. दिवा झाकला की भूत नाहीसे होई. भूत सर्वांना दिसे; खड्ड्यातला नट आणि दिवेकरी कोणालाच दिसत नसत.

१३/
या दिव्याची सर्वांत मोठी कामगिरी मात्र गर्दीपासून दूर, जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये घडली. सूर्यप्रकाश लोलकातून नेला की पडणाऱ्या वर्णपटात अनेक काळ्या रेघा दिसतात, हे जोसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास बारकाईने नोंदले होते. त्यांतली पिवळ्या भागातली ठळक जोडी त्यांनी ‘डी’ या अक्षराने ओळखली. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली तर नेमक्या त्याच जागी तेजस्वी पिवळ्या रेघा दिसतात, कारण मिठात सोडियम असते. एकाच जागी सूर्यात काळी रेघ आणि ज्योतीत उजळ रेघ. हे कोडे कसे सोडवायचे?

१४/
१८५९ मध्ये गुस्टाव्ह किरखोफ यांनी सूर्यप्रकाशाच्या वाटेत मिठाची ज्योत धरली. काळ्या रेघा उजळण्याऐवजी आणखी गडद झाल्या. मग त्यांनी सूर्यच बाजूला केला आणि त्याच्या जागी ड्रमंडचा दिवा ठेवला. तापलेल्या घन चुन्याचा वर्णपट अखंड असतो, त्यात मुळात काळ्या रेघा नसतात. त्या प्रकाशाच्या वाटेत त्यांनी मिठाची, पण कमी तापमानाची, पाणी मिसळलेल्या मद्यार्काची ज्योत ठेवली. आणि अखंड वर्णपटात, बरोबर ‘डी’च्या जागी, काळ्या रेघा उमटल्या. सूर्यातली खूण प्रयोगशाळेतल्या मेजावर तयार झाली होती.

१५/
याचा अर्थ असा की थंड वायू जो रंग स्वतः बाहेर टाकतो, तोच रंग मागून येणाऱ्या अधिक तप्त प्रकाशातून शोषून घेतो. सूर्याभोवतीच्या वायूंमध्ये सोडियम आहे म्हणून ती रेघ काळी. ज्या वस्तूला कोणी कधी स्पर्श करू शकणार नाही, तिच्यातली द्रव्ये ओळखण्याची वाट अशी खुली झाली. या प्रयोगातला एक बारकावा मोलाचा आहे. चुन्याच्या नव्या तुकड्यात सोडियमचा अंश असतोच आणि तो सुरुवातीला आपल्या उजळ पिवळ्या रेघा दाखवतो. एकच जागा बराच वेळ तापत ठेवली की त्या रेघा फिकट होत शेवटी मावळतात. किरखोफ यांनी हे नोंदवून ठेवले आहे. दिवा आधी स्वतः निर्मळ व्हावा लागे. मगच त्याची साक्ष ग्राह्य धरता येई.

१६/
पुढच्या काही दशकांत हे प्रयोग व्याख्यानगृहांत आणि शाळांत पोहोचले. लुइस राइट यांनी १८८२ मध्ये कंदिलाच्या साहाय्याने करायच्या प्रकाशप्रयोगांवर एक ग्रंथ लिहिला आणि १८९१ मध्ये प्रकाशप्रक्षेपणावर दुसरा. साबणाच्या पातळ पडद्यावरचे सरकते रंग, दोन निकोल लोलकांमध्ये ठेवलेल्या अभ्रकाच्या पापुद्र्यांतून उमटणारे ध्रुवित प्रकाशाचे खेळ, सबंध वर्गाला दिसेल असा सप्तरंगी वर्णपट: हे सारे चुन्याच्या दिव्यावर करता येऊ लागले. ज्या गावात वीज नव्हती, तिथेही पेट्या उतरवून संध्याकाळी व्याख्यान होऊ शकत होते.

१७/
त्या पेट्यांत काय असे? ऑक्सिजनसाठी पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड एकत्र तापवावे लागे. हायड्रोजनसाठी जस्तावर गंधकाम्ल ओतावे लागे. शहरात असल्यास रस्त्यावरच्या दिव्यांसाठी नळाने येणारा दगडी कोळशाचा वायू चालत असे. दोन्ही वायू रबर लावलेल्या कापडाच्या, पाचरीच्या आकाराच्या मोठ्या पिशव्यांत भरून ठेवत. पिशव्या फळ्यांमध्ये दाबून वर पंचवीस-पंचवीस किलोंची वजने ठेवली की वायू नळीतून एकसारखा वाहू लागे. व्याख्याता सभागृहात येण्याच्या कित्येक तास आधी दिवेकऱ्याचा दिवस सुरू झालेला असे.

१८/
खेळ सुरू होताना तो आधी हायड्रोजनची तोटी उघडी आणि चुना हळूहळू शेकून घेई. एकदम ताप लागला तर नळकांडे तडकण्याची भीती. मग ऑक्सिजन थोडाथोडा सोडत ठिपका पांढरा होईपर्यंत थांबे. त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांनी चुन्याचे नळकांडे किंचित फिरवणे ओघाने आलेच, कारण ज्योत एकाच जागी लागून खड्डा पडे, आणि त्या खड्ड्यातून ज्योत उलटून समोरच्या भिंगावर गेली की भिंगाचे तुकडे होत. कळीचा चुना हवेतली ओल शोषून भुगा होतो, म्हणून नळकांडी हवाबंद डब्यांत जपावी लागत. विझवताना आधी ऑक्सिजन बंद करायचा, मग हायड्रोजन. हा क्रम विसरण्याची मुभा नव्हती.

१९/
खरा धोका पिशव्यांत होता. दोहोंवरचा दाब सारखा असेतो सारे ठीक. पण तोट्या उघड्या असताना एका पिशवीवरचे वजन घसरले किंवा घाईने उचलले गेले, तर जास्त दाबाचा वायू उलट्या वाटेने दुसऱ्या पिशवीत शिरे. मग त्या पिशवीत दीपवायू राहत नसे, स्फोटक मिश्रण तयार होई. ज्योत नळीतून मागे शिरली की सारे संपले. १८८० च्या दशकात बेरियम ऑक्साइडच्या साहाय्याने हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या ब्रिन कंपनीचे काम लंडनमध्ये सुरू झाले, आणि दाबाखाली भरलेल्या पोलादी नळकांड्यांतून वायू मिळू लागला. त्याने बराच धोका टळला. पण सगळीकडे नळकांडी पोहोचली नव्हती, आणि सगळ्यांना ती परवडतही नव्हती.

२०/
हायड्रोजनऐवजी ईथरची वाफ वापरण्याची एक सोयीची पद्धतही निघाली होती. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये धर्मादाय कामासाठी एक बाजार भरला होता. लाकूड आणि रंगवलेले कापड यांनी उभारलेल्या मांडवात जुन्या काळचा रस्ता साकारला होता आणि एका कोपऱ्यात नवलाईचा सिनेमा दाखवला जात होता. त्याच्या दिव्यात ऑक्सिजन आणि ईथर होते. ईथर संपले म्हणून ते पुन्हा भरले जात असताना, दिसावे म्हणून काडी ओढली गेली. वाफेने पेट घेतला, मग कापडाने, मग मांडवाने. काही मिनिटांत सव्वाशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

२१/
खटल्यात दिवा हाताळणारे दोघे दोषी ठरले, आणि बाजाराचे आयोजकही. चूक कोणाची, याचे उत्तर न्यायालयाने दिले. तरी एक प्रश्न उरतो. ज्वालाग्राही द्रव, उघडी ज्योत आणि गर्दी या तिन्ही गोष्टी कापडी मांडवात एकत्र आणणाऱ्या व्यवस्थेने सर्वांच्या जिवाचा भार कोंदट कोपऱ्यातल्या दोन माणसांच्या सावधपणावर टाकला होता. सभागृहात टाळ्या वाजत तेव्हा त्या दोघांसारख्यांना कोणी पाहत नसे. ते दिसले ते आग लागल्यावर.

२२/
रंगभूमीवर चुन्याचा दिवा १८३७ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आला. वर बसलेला दिवेकरी नटाच्या पावलांबरोबर झोत सरकवी, आणि तिथूनच तो वाक्प्रचार जन्मला. १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले. विजेचे कमानदिवे आणि मग तप्त तारेचे दिवे सुधारत गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चुना मागे पडला. चॅप्लिन यांनी १९५२ मध्ये आपल्या चित्रपटाला ‘लाइमलाइट’ हे नाव दिले तेव्हा तो दिवा बहुतांश ठिकाणी आठवणीतच उरला होता. भाषेत मात्र तो अजून जळतो आहे.

२३/
वाक्प्रचाराने दिव्याचा अर्धाच भाग जपला. प्रकाशात कोण आहे, एवढेच तो सांगतो. स्लीव्ह स्नॅक्टवरच्या वादळात ज्योत राखणारे हात, नळकांडे वेळेवर फिरवणारा कंदीलवाला, खड्ड्यात उभा राहून दुसऱ्याचे भूत होणारा नट, यांतले कोणी ‘प्रकाशझोतात’ नव्हते. पण त्यांच्यावाचून झोतही नव्हता. विज्ञानाच्या इतिहासातही शोधकाचे नाव ग्रंथात राहते आणि प्रयोग चालू ठेवणाऱ्याचे बहुधा राहत नाही. किरखोफ यांच्यासारखा एखादाच आपला दिवा निर्मळ व्हायला किती थांबावे लागते हेही लिहून ठेवतो.

२४/
जुन्या वस्तूंच्या संग्रहांत असे पितळी दिवे आजही पाहायला मिळतात. दोन तोट्या, एक बारीक नळी, चुना खोवायची खुंटी आणि मागे कंदिलाच्या बाहेर काढलेली एक लांब दांडी. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच भिंगांकडे जाते. पण ती मागची दांडी निरखावी. कंदील न उघडता चुना फिरवता यावा म्हणून ती बाहेर काढलेली असे. पुढे पडद्यावर सूर्याचा वर्णपट उमटत असताना, मिनिटा-दोन मिनिटांनी, अंधारातला एक हात तिच्याकडे जात असे.

(समाप्त)